खोबरेल, कोकम आणि बारा बोर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. (सत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका.)

पावसाळ्यात बंदुकीची निगा कशी राखावी, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंय. "आमच्या आज्यान जल्मभर खोबरेलच लावल्यान, बंदूक अजून वाजता. तुम्ही शहरातले लोक महागड्या डब्यांची जाहिरात करता." शिवाय गंज कोकमाने जातो, दस्त्यालाही (बंदुकीच्या मागच्या लाकडी भागालाही) खोबरेल पुरतं आणि कातडी म्यानात बंदूक सुरक्षित राहते, असं तुमचं म्हणणं. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या जुन्या बारा बोर, म्हणजे छऱ्यांच्या, बंदुका अशाच सांभाळल्या जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाहिरातीचा आरोप मात्र गैरलागू. मी सुचवलं होतं ते शिलाई मशीनचं तेल. कुडाळच्या बाजारात ते कुठेही मिळतं, आणि खोबरेलाहून महाग नक्कीच पडत नाही.

आता आजोबा. तुम्हीच लिहिलंय की राखणीवरून आल्यावर ते बंदूक पुसल्याशिवाय जेवायला बसत नसत. ती टिकली ती या सवयीमुळे. घामातलं मीठ रोजच्या रोज पुसलं जात असेल तर वरून कुठलं तेल लावलं याने थोडाच फरक पडतो. आता बंदूक महिनोन् महिने कपाटात असते, तिथे तेलाचा गुण-दोष उघडा पडतो. खोबरेल कालांतराने खवट होतं, म्हणजे त्यात आम्लं सुटतात, आणि तीच लोखंडाला नको असतात. शिवाय ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात पहाटे बाटलीत पांढरं झालेलं खोबरेल तुम्ही पाहिलं असेलच. तेच घोड्याच्या आणि काडतुसावर आदळणाऱ्या पिनेच्या खाचेत गोठलं की चाप ओढल्यावर पिनेचा ठोका मंद बसतो आणि काडतूस फुसकं जातं. दोष काडतुसाला दिला जातो. डब्ल्यूडी-४० बद्दलही विचारलंत. त्यातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, नावातच पाणी हटवण्याचं काम आहे, आणि भिजलेल्या बंदुकीवर ते उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो, म्हणून पाणी निघालं की ते पुसून वर शिलाई मशीनच्या खनिज तेलाचा हात फिरवायचाच.

कोकमाबद्दल मात्र हात जोडून सांगतो, नका लावू. समईवर कोकम, चिंच चालते, कारण आम्ल पितळेवरचा मळ खातं. नळीवरचा निळा-काळा रंग हा रंगच नव्हे. तो मुद्दाम चढवलेला काळा गंज, लोखंडाचंच एक ऑक्साइड. जुन्या पद्धतीत नळीवर तांबडा गंज येऊ देत, मग ती उकळत्या पाण्यात ठेवत. तांबड्याचा काळा होई, मग सुटा थर घासून काढत, आणि हे पुन्हा पुन्हा. आम्लाला तांबडा आणि काळा गंज यांत भेद कळत नाही. डाग जाईल, पण सोबत रंगही जाईल आणि उघडं पोलाद पुढच्या पावसात आणखी लवकर गंजेल. गंज हटवायच्या तयार द्रवांतही बहुधा आम्लच असतं. त्यापेक्षा डागावर तेल सोडा, रात्रभर राहू द्या, आणि सकाळी जुन्या तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलकेच घासा. तांबं पोलादाहून मऊ, ओरखडा उठत नाही. सगळ्यात आधी बंदूक बिजागरीवर मोडून, म्हणजे उघडून, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहायचा, हे तुम्हाला सांगायला नको. पण नळीखालचं लाकूड काढून बघता का? वरून नळी आरशासारखी असते आणि तिथे, लाकडाआड, तांबड्या पिठासारखा गंज साचलेला असतो. दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेलाही तसाच.

नळी पुन्हा काळी करून घ्यायची वेळ आलीच, तर परवानाधारक कारागिराला एवढं विचारा, की गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवणार का? दुनळीच्या नळ्या आणि पट्टी बहुधा डाखाने (मऊ धातू वितळवून केलेल्या सांध्याने) जोडलेल्या असतात आणि ती टाकी डाख खाते.

आता दस्ता. लोखंडाला कधीच न सुकणारं तेल हवं, लाकडाला सुकणारं. खोबरेल लाकडात वर्षानुवर्षं ओलंच राहतं, धूळ धरतं. नळी-घोड्याकडचं जादा तेल दस्त्याच्या तोंडात मुरलं तर तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडतं. म्हणून तेल दिल्यावर पहिली रात्र बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवावी. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचं तेल लावा. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं तेच. दोन थेंब, तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून काढायचं, आणि पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा हात नाही. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

सुताराने स्पिरिट पॉलिश मारलं असेल तर गोष्ट वेगळी. ती लाख. पाणी लागलं की पांढरे चट्टे उठतात, आणि त्यावर बेलतेल चोळून काही आत जात नाही. तिथे नुसतं मेण.

कातडी म्यान वाहून न्यायला ठीक. ठेवायला नको, ते ओल धरून बसतं.

शेवटी तुम्ही न विचारलेलं एक. निवडणुकीच्या आधी अनेकदा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा ती कित्येक आठवडे कोणी पुसणार नसतं. देण्याआधी नळ्यांना आतून-बाहेरून ग्रीसचा पातळ हात द्या. परत आल्यावर मात्र वापरण्याआधी आतलं सगळं ग्रीस कोरड्या फडक्याने काढा, ते तसंच ठेवून बार काढायचा नाही.