सुपरसोल्जरचं इंजेक्शन आणि आपली भरतीची पोरं

कॅप्टन अमेरिका या कॉमिक आणि सिनेमातल्या सुपरहिरोची गोष्ट सैन्यभरतीच्या पोरांना जेवढी लागते, तेवढी दुसऱ्या कोणाला लागत नसावी. स्टीव्ह रॉजर्स हा काडीपैलवान पोरगा. भरतीला जातो, अनफिट ठरतो. मग लष्कराच्या गुप्त प्रकल्पात डॉ. अर्स्किन त्याला सीरम, म्हणजे ताकद वाढवणारं औषध, देतात आणि उंची, छाती, दम सगळं एका झटक्यात पुरं होतं. १९४१ सालच्या कॉमिकमधली ही कल्पना.

आता आर्वी-पुलगाव रोडवर पहाटे पळणारी पोरं डोळ्यांपुढे आणा. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत, दहा बीम (पुल-अप), नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी, छाती ७७ सेंटीमीटर आणि फुगवून ८२. घरी कापसाचा पैसा कर्जात जातो, ताटात वरण पातळ. मी ज्या पोरांना ग्राउंडवर शिकवतो, त्यांतला एक कॅप्टन अमेरिकाचा सिनेमा पाहून म्हणाला, "सर, असं इंजेक्शन भेटलं ना, तं म्या पयला हात पुढे करीन." कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

मला त्या वाक्याची भीती वाटते, म्हणून हे लिहितोय.

गोष्टीत अर्स्किनचा खून होतो आणि सीरमचं सूत्र त्याच्यासोबत जातं. मग लष्कर गप्प बसलं असेल का? २००३ मध्ये कॅप्टन अमेरिकाची कॉमिक काढणाऱ्या मार्व्हल कंपनीनेच याचं उत्तर देणारं कॉमिक काढलं. त्यात ३०० कृष्णवर्णीय सैनिकांवर त्या सीरमचे प्रयोग होतात. बहुतेक मरतात. घरच्यांना खरं काय झालं ते कधीच कळत नाही. त्यांतून वाचलेला आयझाया ब्रॅडली देशासाठी लढतो आणि शेवटी तुरुंगात जातो. सुपरसोल्जरची खरी गोष्ट मी हीच मानतो, कारण तिच्यामागे इतिहास उभा आहे. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिस या गुप्तरोगाचा अभ्यास चालला. त्यावर पेनिसिलिन हे औषध आलं, तरी रोग्यांना दिलं नाही. मोबदला काय, तर फुकट तपासणी, जेवण आणि अंत्यविधीचा खर्च.

आणि हे फक्त तिकडचं नाही. १९३०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीला आपल्या हिंदी शिपायांना हाफपँट आणि सुती सदऱ्यावर मस्टर्ड गॅस या कातडी भाजणाऱ्या विषारी वायूच्या खोलीत पाठवलं. हिंदी कातडी गोऱ्या कातडीपेक्षा जास्त भाजते का, ते त्यांना बघायचं होतं. काही शिपाई वाईट भाजले. त्या शिपायाला 'नाही' म्हणता आलं असतं का? हुकूम होता, आणि पगारावर घर चालत होतं.

म्हणून 'त्यानं स्वखुशीनं सही केली' हे मला पटत नाही. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही, त्याची खुशी कसली? भरतीच्या दिवसांत ग्राउंडच्या आसपास आजही स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळतात. हृदय, लिव्हर, पुढे मूल होण्याची ताकद, सगळं पणाला लावून पोरं ती घेतात. तिथं कोणी बंदूक लावलेली नसते. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीवाल्यांनो, हे तुम्हाला माहीत आहे. निदान त्या पोराच्या बापाला तरी सांगा.

शत्रूनं असे सैनिक बनवले तर आपण मागं राहायचं का, असं विचारणारे आहेत. प्रश्न खोटा नाही. फ्रान्सच्या लष्करी नीतिसमितीनं डिसेंबर २०२० मध्ये अशा संशोधनाला परवानगी दिली, पण सैनिकाला पुन्हा नागरी आयुष्यात परतणं अवघड होईल असा बदल नको, हेही सांगितलं. आपल्याकडे हा मुद्दा तर फारच जवळचा आहे. अग्निवीराची सैन्यातली नोकरी चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात. बाकीचे ऐन पंचविशीच्या आसपास गावात परत. उद्या असा प्रकल्प खरंच निघाला, तर या परतलेल्या पोरांच्या अंगात जे घातलंय ते कोण उतरवणार? त्यांचा पुढच्या चाळीस वर्षांचा दवाखाना कोण करणार? हे सही घेण्याआधी कागदावर पाहिजे, आणि त्या पोराच्या आईला वाचून दाखवता येईल अशा मराठीत पाहिजे.