खुलासा : एलएसयूला धावताही येत होतं
अमेरिकेतल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या (एलएसयू) २०१९च्या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल ‘धावून खेळणं जमतच नव्हतं, सगळा खेळ क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरोच्या पासवर’ असं पुन्हा फिरतंय. ते चूक आहे. बरोचे ६० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) खरेच. त्या आकड्यापुढे बाकीचं कुणाला दिसत नाही, एवढंच. त्याच मोसमात संघातला क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर चेंडू घेऊन १,४१४ यार्ड धावला. प्रतिस्पर्धी ऑबर्न विद्यापीठाच्या संघाने एका सामन्यात पुढे तिघेच ठेवून पास अडवायला मागे गर्दी केली, तेव्हा त्यानेच १३६ यार्ड काढले आणि एलएसयू २३-२०ने जिंकलं. कच्चा दुवा शोधायचाच तर याच सामन्यात शोधा : यार्ड मिळाले, गुण मात्र मोसमातले सर्वांत कमी.