कसला डोंबलाचा कल्पनाविस्तार!

निबंधाचा प्रकार म्हणे 'कल्पनात्मक', आणि मुद्दे मात्र फळ्यावर आधीच लिहून दिलेले! 'सूर्य उगवला नाही तर' म्हटलं की चाळीस वह्यांत तोच अंधार, तीच शाळेला सुट्टी, शेवटी आईची हाक आणि 'अरेच्चा, ते स्वप्न होतं!' फाटक्या पुस्तकाचं मनोगत तर कायम रडकं. एखादं पुस्तक चावट का नसावं? गुण मुद्दे मोजून पडतात, म्हणून पाठांतर जिंकतं. अहो, दहा मिनिटं पेन न थांबवता, काहीही न खोडता लिहू द्या. पहिल्या चार ओळी पाठ केलेल्याच येतील, त्या नंतर खुशाल काटा. प्रश्नही बारीक विचारा: सूर्यच नाही, तर कुरडया वाळणार कुठे? कोंबडा आरवणार कधी? शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी बघा. पण नाही, लाल पेन पहिल्याच वेलांटीवर टपलेलं!