'योंग' गिरवलं की सगळी चिनी अक्षरं आली?

चिनी सुलेखनाबद्दल सगळीकडे फिरणारा दावा असा: 'योंग' (चिरंतन) या एकाच अक्षरात ब्रशचे आठही मूळ फटकारे आहेत, ते जमले की कोणतंही अक्षर लिहिता येतं. दाबलं की जाड, उचललं की बारीक, एवढंच तंत्र. आणि ब्रश कुणाला हिसकता येणार नाही इतका घट्ट धरायचा.

आठ फटकाऱ्यांची परंपरा खरीच आहे, पण ती खायशू या ठाशीव लिपीची. प्राचीन मुद्रालिपीत रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची ठेवतात, तिथे या आठांचा फारसा उपयोग नाही. खुद्द खायशूतही 'शिन' (मन) या अक्षरातला आडवा पहुडलेला आकडा किंवा लांब तिरका आकडा योंगमध्ये सापडत नाही. शिवाय फटकारा येणं म्हणजे अक्षर येणं नव्हे. 'सान' (तीन) म्हणजे फक्त तीन आडव्या रेघा. पण मधली सर्वांत आखूड आणि खालची सर्वांत लांब हवी. तिन्ही सारख्या काढल्या तर अक्षर शिडीसारखं दिसतं. ही मांडणी योंग शिकवत नाही.

खरं नुकसान 'दाबा आणि उचला' या सल्ल्याने होतं, कारण ब्रशचं टोक कुठे चालवायचं ते तो सांगत नाही. देवनागरी सुलेखनात कट निबचा कोन जाडी ठरवतो. ती सवय घेऊन आलेला माणूस ब्रश कलता करतो, केसांचं टोक रेघेच्या एका कडेला जातं, आणि मग ती कड गुळगुळीत तर समोरची दातेरी उमटते. टोक रेघेच्या मधोमध चालायला हवं. उजवीकडे उतरणारा 'ना' हा फटकारा घ्या. बारीक सुरुवात करून खाली-उजवीकडे जाताना दाब हळूहळू वाढवायचा, सर्वांत जाड जागी क्षणभर थांबायचं, मग दिशा जवळजवळ आडवी करून ब्रश सरकवत सरकवत उचलायचा. या रेघेचं पावलासारखं टोक बहुतेकांचं बिघडतं ते थांबण्याआधीच उचलल्यामुळे: जाड जागेची टाच तयार होत नाही, रेघ नुसतीच निमुळती होत संपते. उलट, खळ न दिलेल्या श्वान कागदावर (सुलेखनाचा पारंपरिक चिनी कागद) फार वेळ थांबलात तर शाई पसरून टाचेचा डाग होतो. म्हणून दौतीच्या काठावर जादा शाई निपटून घ्या. बिघडलेल्या रेघेवरून मात्र पुन्हा ब्रश फिरवू नका. दुरुस्ती कागदावर स्पष्ट दिसते.

घट्ट पकडीचं मूळ एका दंतकथेत आहे. लहानग्या वांग श्येनचीच्या हातातला ब्रश वडिलांनी, म्हणजे चौथ्या शतकातला नामवंत सुलेखनकार वांग शीची याने, मागून ओढला आणि तो सुटला नाही. अकराव्या शतकात कवी आणि सुलेखनकार सू शीने याचा प्रतिवाद केला होता. पकडीच्या जोरावर सुलेखन होत असतं तर ताकदवान माणूस आपोआप सुलेखनकार झाला असता, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मते पकड मोकळी हवी. कारण सरळ आहे: मूठ आवळली की मनगट अडतं, आणि 'ना'च्या टाचेवरून आडवं वळणं मनगटाशिवाय होत नाही. अंगठा, तर्जनी आणि मध्यमेने दांडी धरा, अनामिका आतून टेकवा, करंगळी तिला आधार देईल, तळहात पोकळ राहू द्या. मोठ्या अक्षरांना मनगट टेबलावरून उचला. बारीक अक्षरांना टेकवलं तरी चालतं.