‘पहिलीतच नापास करा, पाया पक्का होईल’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

निकालाचे दिवस आले की पालकांच्या, आणि शिक्षकांच्याही, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सार तेच: ‘ढकलपासनं पिढी वाया घालवली. तिसरी-चौथीच्या पोरांना धड वाचता येत नाही. पहिली-दुसरीतच नापास करा, पुन्हा त्याच वर्गात बसवा, पाया आपोआप पक्का होईल. उपचारात्मक वर्ग म्हणजे कागदी नाटक, त्यानं आजवर काय झालं? चार कच्च्या पोरांपायी तीस हुशार मुलांचं नुकसान. अमेरिकासुद्धा तिसरीत नापास करते.’ खाली अंगठ्यांची रांग.

प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

मुलांना वाचता येत नाही, हे खरंच आहे. गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम सत्तावीस मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये, कोविडच्या तडाख्यानंतर, ती संख्या विसाच्या आसपास होती. पण याचं खापर एकट्या ढकलपासवर फोडायचं तर तारखा जुळत नाहीत. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. ‘असर’ २००५ पासून होतेय, आणि कायद्याआधीच्या पाहण्यांतही पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता. कायद्यानंतर सरकारी शाळांचे आकडे आणखी घसरले, तेही मान्य. पण त्या कायद्यात नापास न करण्याचं कलम १६ होतं, तसंच कलम २४ सुद्धा होतं: प्रत्येक मुलाला काय येतं ते शिक्षकानं तपासावं आणि गरज असेल त्याला जादा शिकवावं. सोळावं कलम सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. चोविसावं ना पालकांना ठाऊक, ना खात्यानं कधी मनावर घेतलं.

शिवाय कायदा आता बदललाय. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये तसे नियम केले. तिथंही आधी जादा शिकवायचं, दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची, मग काय ते ठरवायचं. पहिली ते चौथीत नापास करणं आजही कुठल्याच मुख्याध्यापकाच्या हातात नाही.

‘पुन्हा बसवा, आपोआप येईल.’ या ‘आपोआप’वर जरा थांबू या. माझ्याकडं तिसरीत एक मुलगी होती. धडा घडाघडा वाचायची, पाहुण्यांसमोर उभी करावी अशी. जवळ जाऊन पाहिलं तर बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या. धडा तिला पाठ होता. त्यातलाच ‘बाजार’ शब्द फळ्यावर एकटा लिहिला, तर तिनं वाचलं ‘बजर’. अक्षरं ओळखत होती, काना कळत नव्हता. हिला दुसरीत पुन्हा बसवून काय साधलं असतं? दुसरीचं पुस्तक काही कान्यापासून सुरू होत नाही. तिनं तेही पाठ केलं असतं. तिला हवे होते काही आठवडे, रोज थोडा वेळ, काना-मात्रा-वेलांटीचे, तिच्या बोलण्यातले शब्द घेऊन.

गणितातही हेच. ५२ वजा २७ किती? वर्गात कुणीतरी ३५ लिहितंच. मूल निष्काळजी नसतं. त्यानं स्वतःपुरता नियम केलेला असतो की मोठ्यातून लहान वजा करायचा. म्हणून एककाच्या घरात सातातून दोन काढले. हातात काड्यांचे गठ्ठे देऊन, एक दशक त्याच्याकडून सोडवून घेतल्याशिवाय हा नियम मोडत नाही. तेच उदाहरण पुढच्या वर्षी फळ्यावर पुन्हा मांडलं तर मूल पुन्हा ३५ लिहील, आणखी सफाईनं.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं पोर घ्या. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेला लागतात ती मार्च-एप्रिलकडे परततात. त्याला नापास केलं तर पुढच्या वर्षी जून ते दिवाळी तो तेच धडे पुन्हा शिकेल आणि राहिलेले पुन्हा राहतील. दोन वर्षांत पहिलं सत्र दोनदा, दुसरं एकदाही नाही.

‘उपचारात्मक वर्गांनी काय झालं?’ या प्रश्नात दम आहे. मागं पडलेल्या मुलांचे हे जादा वर्ग बऱ्याच शाळांत नोंदवहीतच भरतात. अप्रगत विद्यार्थ्यांची यादी असते, टाचण असतं, केंद्रप्रमुखांची सहीही असते. प्रत्यक्षात शेवटच्या तासाला चार मुलं बाजूला बसवायची आणि सकाळचाच धडा जरा हळू, जरा मोठ्या आवाजात पुन्हा घ्यायचा. त्या तासाला ऑनलाइन माहिती भरून द्या असा वरून फोन आला की तोही गेला. मुलाचं गाडं कुठं अडलंय हे न बघता घेतलेल्या वर्गाला उपचारात्मक का म्हणायचं, हे मला कधी कळलं नाही.

नीट झालं तर काय होतं, हे मात्र आपल्याच मुंबईत तपासून झालंय. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिच्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच शिकलेली तरुणी पालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस मुलं घेऊन रोज दोनेक तास बसायची. प्रशिक्षण दोन आठवड्यांचं, मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात चिठ्ठ्या टाकल्यासारख्या शाळा निवडून त्याची चाचणी झाली. गुण वाढले, आणि सर्वांत जास्त वाढले ते तळाच्या मुलांचे. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढं २०१९ चं नोबेल मिळालं. बालसखी थांबल्यावर वर्षभरात त्या वाढीतला बराच भाग ओसरला, हेही त्यांनीच लिहिलंय. म्हणजे एक वर्ष करून सोडून द्यायचं हे काम नाही.

बिहारमधला अनुभव तर प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्यानं वाचावा. जून २००८ मध्ये ‘प्रथम’च्या पद्धतीनं सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरं घेतली, मुलं वाचनात पुढं सरकली. पुढं शाळा भरल्यावर त्याच पद्धतीचं प्रशिक्षण आणि साहित्य शिक्षकांना दिलं, आणि फरक पडला शून्य. कारण आम्हा मास्तरलोकांना विचारा: पोर्शन संपवायचा होता! २०१२-१३ मध्ये हरियाणात हाच धडा घेऊन दिवसातला एक तास वेगळा काढला. त्या तासाला वर्ग मोडायचे, मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवायचं, आणि तो तास खरंच होतोय का हे कुणीतरी येऊन बघायचं. तिथं भाषेत फरक दिसला. गणितात तितका नाही.

मार्च २०२५ मध्ये आपल्या राज्यानं दुसरी ते पाचवीच्या मुलांचं वाचन-गणित पक्कं करण्यासाठी निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम काढला. दिशा बरोबर आहे. द्विशिक्षकी शाळेत पोषण आहार, मतदारयादी आणि चार वर्ग सांभाळून तो तास कोण राखणार, हे मात्र परिपत्रक सांगत नाही.

‘तीस मुलांचं नुकसान.’ बालसखीकडं न गेलेल्या मुलांचं नुकसान चाचणीत दिसलं नाही. पश्चिम केनियात २००५ मध्ये सुमारे १२० शाळांपैकी निम्म्या शाळांत पहिलीची मुलं पातळीनुसार वेगळी बसवली, तर तिथं वरचा आणि खालचा असे दोन्ही गट पुढं गेले. धोका आहे तो वेगळाच. आपल्याकडच्या ‘अ’ ते ‘ड’ तुकड्या आठवा. ‘ड’मध्ये गेलेलं पोर दहावीपर्यंत ‘ड’च राहायचं. म्हणून गट तासापुरते हवेत आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासून बदलायला हवेत.

राहिली अमेरिका. फ्लोरिडानं २००२ मध्ये तिसरीचा नियम केला, खरं आहे. पण त्याच नियमात मागं ठेवलेल्या मुलाला रोज किमान ९० मिनिटं सलग वाचन आणि उन्हाळी वाचनवर्ग द्यायचं बंधन आहे. मिसिसिपीनं २०१३ मध्ये तसाच कायदा केला तेव्हा मागं पडलेल्या शाळांत वाचनाचे मार्गदर्शक नेमले. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं त्यातलं नापास तेवढं उचललं, ९० मिनिटं तिथंच ठेवली.

अंगठा देणाऱ्या पालकांनी एक करावं. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत विचारा: मागं पडलेल्या मुलांचा तास किती वाजता असतो, तो कोण घेतं, आणि प्रत्येक मुलाला एकटं समोर बसवून शेवटचं कधी वाचायला लावलं होतं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याच वेळेला एखाद्या दिवशी न सांगता वर्गात डोकावून या.