सातवा लागला तर?

ईरी सरोवरात मासे नाहीत, असं म्हणायची सोय नाही. हीच खरी अडचण आहे. इथे ओहायोत वॉलाय माशाचं प्रस्थ एवढं की पोर्ट क्लिंटन गावात ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फायबरग्लासचा भलामोठा वॉलाय वरून खाली सोडून नव्या वर्षाचं स्वागत करतात. २०२२ साली क्लीव्हलंडच्या एका मासेमारी स्पर्धेत तर दोघांनी वजन वाढवायला माशांच्या पोटात भरलेले शिशाचे गोळे सापडले. लोकांना त्या दोन बहाद्दरांचा राग आला. मला हेवा वाटला. गोळे भरायला त्यांच्याकडे निदान मासा तरी होता!

दिवसाला माणशी सहाच वॉलाय पकडता येतात. सातवा लागला तर काय करायचं, या काळजीत मी मित्राच्या बोटीत चढलो. सोबत अलिबागहून आलेले सासरे, एक दिवसाचं लायसन्स खिशात घालून.

ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडसमोर पाणी ६०-७० फूट खोल. मासा तळाशी असेल म्हणावं, तर उन्हाळा सरता सरता तळाच्या गार पाण्यातला ऑक्सिजन संपत येतो, म्हणून तो मधेच तरंगतो. वर यावं, तर अंधारात बघायला केलेल्या त्याच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही. शिवाय भक्ष्य तो वरच्या अंगाला शोधतो. म्हणजे गांडूळ त्याच्या डोक्याच्या जरा वरून गेलं पाहिजे. खालून गेलं तर साहेब मान वाकवत नाहीत.

एवढ्या खोल गांडूळ न्यायला डिप्सी डायव्हर नावाची प्लॅस्टिकची चकती असते. बोट ओढते तशी ती पाण्यात खाली घुसते. किती खाली, ते बोटीच्या वेगावर, दोरीच्या जाडीवर, सोडलेल्या लांबीवर आणि चकतीवरच्या आकड्यावर ठरतं. मित्राने त्याचा तक्ता लॅमिनेट करून आणला होता. चाळीस फुटांवरचं गिऱ्हाईक गाठायला एवढा हिशेब मी गृहकर्ज घेतानाही केला नव्हता.

पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या फिशफाइंडरच्या पडद्यावर मात्र माशांच्या कमानीच कमानी.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "टीव्हीच बघायचा होता तर घरी काय वाईट होतं?"

तेवढ्यात रॉड वाकला. मी घाम गाळत जे वर आणलं ते शीपहेड निघालं, म्हणजे दुसऱ्याच जातीचा मासा. त्याला इथे कुणी विचारत नाही. मित्राने न बघताच ते पाण्यात सोडलं. सासऱ्यांचा चेहरा पाहवेना.

दुपारनंतर लागला एकदाचा वॉलाय! सोनेरी-हिरवट अंग, काचेच्या गोट्यांसारखे डोळे. पट्टीवर धरला, पंधरा इंचांच्या वर भरला. धक्क्यावर परतल्यावर मित्राने सराईतपणे दोन तुकड्या काढल्या, डोकं-काटा सरळ बादलीत.

सासरे बादलीकडे धावले. "अहो, डोकं टाकलंत? मग कालवण कशाचं करायचं?"

मित्राने मला विचारलं, हे काय म्हणतायत. मी म्हटलं, तुझ्या बोटीचं कौतुक करतायत.