व्हाइट हाऊस गाठलं म्हणजे उत्तम गव्हर्नर ठरत नाही

अमेरिकेच्या इतिहासातले सर्वांत प्रभावी गव्हर्नर कोण, या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर सगळीकडे फिरतं: जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते. त्याला आणखी तीन विधानं जोडलेली असतात. गव्हर्नर आदेश काढतो आणि राज्य हलतं. मोठी कामं वॉशिंग्टनच्या पैशावर झाली. चांगल्या कामाची पावती मतदार देतातच. आमच्या मते यातलं एकही टिकत नाही.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे गव्हर्नर म्हटलं की राजभवन डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला कारभारी असतो, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. पण विधिमंडळात त्याचं बहुमत असेलच असं नाही. बहुमत नसलं तरी त्याची खुर्ची जात नाही. कायदा आणि पैसा मात्र त्या विरोधी विधिमंडळाकडूनच मिळवावा लागतो. प्रभाव मोजायचा तर तो इथे.

पहिलं विधान. राज्यांचे 17 गव्हर्नर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, हे खरं. पण त्यातले मार्टिन व्हॅन ब्युरेन न्यू यॉर्कच्या गव्हर्नरपदी होते 1 जानेवारी ते 12 मार्च 1829, म्हणजे जेमतेम अडीच महिने. उलट त्याच राज्याचे गव्हर्नर अल स्मिथ 1928 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक सपशेल हरले. स्मिथ यांनी 1919 मध्ये आयोग नेमून राज्याची सुमारे 180 विखुरलेली खाती, मंडळं आणि आयोग मोजून काढले. प्रत्येकाचा हिशेब वेगळा, प्रत्येक जण थेट विधिमंडळाकडे पैसे मागणार, आणि खर्चाला जबाबदार कोणीच नाही. ती सगळी मोजक्या खात्यांत बसवायला घटनादुरुस्ती लागली, ती 1925 मध्ये मंजूर झाली. अंदाजपत्रक गव्हर्नरनेच मांडायचं, ही दुरुस्ती 1927 मध्ये आली. मधल्या काळात स्मिथ एकदा निवडणूक हरले, पुन्हा निवडून आले, आणि तोच मसुदा घेऊन रिपब्लिकन विधिमंडळासमोर परत उभे राहिले. 1929 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट गव्हर्नर झाले तेव्हा ही घडी त्यांना आयती मिळाली.

आदेशाने राज्य हलतं, या समजुतीवर विस्कॉन्सिनचं उदाहरण पुरेसं आहे. तिथले गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांना उमेदवार निवडायचा हक्क पक्षाच्या बैठकांकडून काढून मतदारांना द्यायचा होता. 1901 मध्ये विधिमंडळाने फक्त स्थानिक पदांपुरता पातळ कायदा पाठवला. त्यांनी तो नाकारला. मग ते आमदारांच्या मतदारसंघांत जाऊन, कोणी कोणत्या विधेयकावर कसं मत दिलं याची यादी नावानिशी वाचून दाखवू लागले. 1904 मध्ये जनमताने कायदा झाला. त्याच राज्यात 1930 पासून गव्हर्नरला खर्चाच्या विधेयकाचे तुकडे खोडता येतात. 2023 मध्ये टोनी एव्हर्स यांनी शाळांच्या प्रतिविद्यार्थी 325 डॉलर वाढीच्या कलमातले 2024-25 मधले काही आकडे आणि मधली रेघ खोडली. उरलं 2425. दोन वर्षांची तरतूद चारशे वर्षांची झाली, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये ती वैध ठरवली. हत्यार जबर आहे, पण खोडायला आधी विधिमंडळाने काहीतरी लिहिलेलं असावं लागतं.

वॉशिंग्टनच्या पैशाचं विधान सर्वांत चुकीचं आहे, कारण अमेरिकेतल्या सर्वांत फायद्याच्या राज्यप्रकल्पात केंद्राचा एक डॉलरही नव्हता. ईरी कालव्यासाठी पैसा मिळेल अशी आशा असलेलं विधेयक राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी मार्च 1817 मध्ये नाकारलं. मॅडिसन यांच्याकडूनच 1812 ची निवडणूक हरलेले डेविट क्लिंटन त्या जुलैत न्यू यॉर्कचे गव्हर्नर झाले आणि तीन दिवसांत, 4 जुलैला, रोम गावी खोदाई सुरू झाली. राज्याने कर्जरोखे काढले. व्याजासाठी मिठावरचा कर आणि लिलावावरची पट्टी बाजूला ठेवली. सुरुवात टोकाकडून न करता मधूनच केली. तिथे जमीन सपाट, लॉक (दोन्ही टोकांना दारं असलेले हौद, ज्यांत पाणी भरून बोट वर चढवतात) कमी, म्हणून तो टप्पा लवकर वाहता होऊन टोल देऊ लागेल आणि विरोधकांना काम थांबवणं जड जाईल, हा हिशेब होता. कंत्राटं लहान तुकड्यांत, बरीचशी आसपासच्या शेतकऱ्यांना. अडचणीही होत्या: माँटेझुमाच्या दलदलीत मजूर तापाने आडवे पडले, पाण्यात घट्ट होणारी चुन्याची सामग्री सुरुवातीला हाताशी नव्हती, ती पुढे कालव्याच्या वाटेवरच्याच चुनखडीतून मिळाली. 363 मैल लांब, 40 फूट रुंद, फक्त 4 फूट खोल, 83 लॉक. खर्च सुमारे 70 लाख डॉलर. 1825 मध्ये पूर्ण. बफेलो ते न्यू यॉर्क टनामागे 100 डॉलरचं भाडं दहाच्या आसपास आलं आणि टोलमधून कर्ज फिटलं. आमच्या यादीत क्लिंटन पहिले आहेत.

आता मतदारांची पावती. कालवा पुरा व्हायच्या दीड वर्ष आधी, एप्रिल 1824 मध्ये, विधिमंडळाने क्लिंटन यांना कालवा आयोगावरून काढून टाकलं. लोक चिडले आणि ते नोव्हेंबरात पुन्हा गव्हर्नर झाले. इथे पावती मिळाली. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर पॅट ब्राउन यांना मात्र नाही. उत्तरेचं पाणी दक्षिणेला नेण्यासाठी 1.75 अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना 1960 मध्ये जनमत घ्यायचं होतं. पाणीहक्कांचा वाद पेटू नये म्हणून त्यांनी घटनादुरुस्ती टाळली आणि साधा कर्जाचा कायदा केला. त्यातले 13 कोटी छोट्या स्थानिक योजनांसाठी ठेवले. तरी उत्तरेकडचा एकच जिल्हा बाजूने गेला, ब्यूट, जिथे ओरोव्हिलचं 770 फुटी धरण होणार होतं. सुमारे 58 लाख मतांत पावणेदोन लाखांच्या फरकाने प्रस्ताव तरला. 1966 मध्ये ब्राउन हरले, जवळजवळ दहा लाख मतांनी, रोनाल्ड रेगन यांच्याकडून. योजनेतही खोट राहिली: नदीमुखाचा दलदली प्रदेश टाळून जाणारा कालवा 1982 मध्ये मतदारांनी फेटाळला, म्हणून करारातलं पूर्ण पाणी बहुतेक वर्षी मिळत नाही. पण टेहाचापी डोंगराच्या पायथ्याचे पंप आजही तेच पाणी 1,926 फूट वर चढवून लॉस एंजेलिसकडे सोडतात.